ऑफलीची घसरण आणि परतीची वाट: हर्लिंगच्या चॅम्पियनशिपची रचना काय करू शकते आणि काय नाही

2019 च्या उन्हाळ्यात ऑफलीचा हर्लिंग संघ जो मॅकडोना कपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत, तळाला राहिला आणि तिसऱ्या पायरीवर, म्हणजे क्रिस्टी रिंग कपमध्ये फेकला गेला. आयर्लंडबाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही, पण ऑफली म्हणजे चार वेळा ऑल आयर्लंड (देशाचं अजिंक्यपद) जिंकलेली काऊंटी (जिल्हा), 1981, 1985, 1994, 1998. शेवटचं जिंकल्याला तेव्हा फक्त एकवीस वर्षं झाली होती. एका वर्षापूर्वी 2018 ला ते लेन्स्टर चॅम्पियनशिपमधून, म्हणजे पूर्वेकडच्या प्रांताच्या वरच्या पायरीतून, खाली आले होते आणि लगेच पुढच्या वर्षी अजून एक पायरी खाली. आणि तिथून 2025 ला ते परत लेन्स्टरमध्ये खेळले आणि टिकलेसुद्धा. मला हे प्रकरण नीट मांडायचंय, कारण जीएएमध्ये (हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी आयरिश संघटना) चॅम्पियनशिपच्या रचनेवर आणि "हर्लिंग वाढवायचं कसं" यावर कायम जो वाद चालतो त्यातले जवळजवळ सगळे मुद्दे या एका काऊंटीच्या गोष्टीत येतात.

ज्यांना हर्लिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंधरा-पंधरा जणांचे संघ, हातात अॅश झाडाच्या लाकडाची हर्ली, कातडी शिवलेला छोटा चेंडू ज्याला स्लिटर म्हणतात, एच आकाराचे गोलपोस्ट. दांडीच्या खालून जाळ्यात गेला तर गोल म्हणजे तीन पॉइंट, वरून गेला तर एक. स्कोअर 3-16 असा लिहितात, तीन गोल सोळा पॉइंट, म्हणजे एकूण 25. चेंडू हवेतून शंभर मीटर जातो, माणसं धावता धावता तो हर्लीवर तोलतात. 2010 पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे. 2018 ला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आलाय हा खेळ, बायकांच्या कॅमोगीसकट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर फायनल खेळणारा पोरगा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो, कारण कोणालाच पगार नाही. आणि तो खेळतो जिथला आहे तिथूनच. काऊंटी बदलून मोठ्या संघात जायचं असं इथे सहसा होत नाही, म्हणून छोट्या काऊंटीला खेळाडू विकत घेऊन सुधारता येत नाही, जी पोरं जन्माला आलीत त्यांच्यातूनच संघ करायचा.

आता ऑफली कुठे आहे ते बघा. आयर्लंडच्या बरोब्बर मध्यात, पीट बॉगचा दलदलीचा प्रदेश, 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण 83 हजार. कॉर्कची साडेपाच लाखांच्या वर. त्यात ऑफलीचे दोन भाग, दक्षिण-पश्चिमेला बर, बॅनाहर, किलकॉरमॅक या बाजूला हर्लिंग आणि उत्तर-पूर्वेला फुटबॉल (गेलिक फुटबॉल, सॉकर नाही). म्हणजे 83 हजारातले पण अर्धेच हर्लिंगवाले. बर गावाचं महत्त्व वेगळंच, पहिली ऑल आयर्लंड हर्लिंग फायनल तिथेच झाली, 1887 च्या चॅम्पियनशिपची, खेळली गेली एप्रिल 1888 ला. तरी ऑफलीला पहिलं लेन्स्टर टायटल मिळायला 1980 उजाडलं. किल्केनीचाच माणूस, डर्मिड हीली, कोच म्हणून आणला आणि किल्केनीलाच हरवलं, पुढच्या वर्षी ऑल आयर्लंड.

इथे लोक एक गोष्ट विसरतात. 1980 चं यश एका कोचमुळे आलं असं सांगितलं जातं पण ते टिकलं ते शाळा आणि मायनर (साधारण अठरा वर्षांखालच्या) संघांमुळे. बरची सेंट ब्रेंडन्स ही साधी शाळा 1986 आणि 1991 ला शाळांची ऑल आयर्लंड जिंकली. काऊंटीचे मायनर 1986, 1987 आणि 1989 ला जिंकले, चार वर्षांत तीनदा! तीच पोरं 1994 ला लिमरिकविरुद्ध पाच मिनिटं राहिली असताना पाच पॉइंटने मागे होती आणि त्या पाच मिनिटांत 2-5 मारून सहा पॉइंटने जिंकली. आजही लिमरिकच्या म्हाताऱ्या माणसांसमोर त्या मॅचचं नाव काढलं की ते गप्प होतात.

1998 आणि मागचं दार

1998 ची गोष्ट रचनेच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे म्हणून जरा थांबून सांगतो. त्या आधी शंभरहून जास्त वर्षं चॅम्पियनशिप सरळ नॉकआऊट होती, मन्स्टर (दक्षिणेकडचा प्रांत) किंवा लेन्स्टरमध्ये हरलात की घरी, वर्षभर सराव करून एकच मॅच. 1997 ला पहिल्यांदा बदल झाला, मन्स्टर आणि लेन्स्टरच्या फायनलमध्ये हरणाऱ्या संघांना मागच्या दाराने परत आत घ्यायला सुरुवात झाली. किती आरडाओरडा झाला होता तेव्हा, की हरलेल्याला परत संधी कशाला, चॅम्पियनशिपचा जीव जाईल वगैरे.

1998 ला ऑफली लेन्स्टर फायनल किल्केनीकडून हरली. मॅनेजर बॅब्ज कीटिंगने स्वतःच्याच खेळाडूंवर जाहीर टीका केली, आणि मग तो गेला, त्याच्या जागी गॉलवेचा मायकल बाँड आला, ज्याचं नाव बहुतेकांनी ऐकलं पण नव्हतं. सेमीफायनलला क्लेअरशी बरोबरी, मग रिप्ले, आणि त्या रिप्लेमध्ये ऑफली मागे असताना रेफरीने चुकून दोन मिनिटं आधीच शिट्टी वाजवली. ऑफलीचे लोक क्रोक पार्कच्या मैदानात उतरून बसले ते उठायलाच तयार नाहीत. तिसरी मॅच थर्ल्सला झाली, ऑफली जिंकली, आणि फायनलमध्ये त्याच किल्केनीला 2-16 विरुद्ध 1-13 ने हरवलं. ब्रायन व्हीलाहन, जो बॅकमध्ये खेळायचा, फ्लूने आजारी होता, त्याला पुढे आणलं तर त्याने 1-6 मारले.

प्रांतात हरून ऑल आयर्लंड जिंकणारा हा पहिलाच संघ. म्हणजे ऑफलीचं चौथं टायटल हे रचना बदलल्यामुळे शक्य झालं हे मान्य करावंच लागतं. पण लक्षात घ्या, रचनेने दार उघडलं तेव्हा आत जायला तयार असलेली पिढी होती. ती नसती तर दार कितीही उघडं ठेवलं असतं तरी फायदा शून्य. आणि पुढच्या वीस वर्षांत नेमकं तेच दिसलं.

घसरण

2000 ला ऑफली परत फायनलमध्ये, किल्केनीने 5-15 विरुद्ध 1-14 असं धुतलं. त्यानंतर हळूहळू सगळं ओसरत गेलं. मायनर संघाने 2000 ला लेन्स्टर जिंकलं आणि मग परत जिंकायला 2022 उजाडलं. बावीस वर्षं! सगळी गोष्ट या एका आकड्यात आहे माझ्या मते. सीनियर संघ वर्षानुवर्षं हरतोय म्हणून मॅनेजर बदलले जात होते, लोक मॅनेजरवर चिडत होते, पण अठरा वर्षांखालची पोरं तयारच होत नव्हती तर मॅनेजर काय जादू करणार. मधल्या काळात बर क्लब 2002 आणि 2003 ला ऑल आयर्लंड क्लब टायटल जिंकत होता, त्यामुळे कदाचित सगळं ठीक चाललंय असं वाटत राहिलं. व्हीलाहन आणि त्याच्या पिढीचे शेवटचे चांगले दिवस होते ते, पाठीमागे रांग नव्हती.

त्याच काळात किल्केनी आणि नंतर लिमरिक वगैरेंनी अंडरएज अकादमी इतक्या पद्धतशीर उभ्या केल्या की अंतर वाढतच गेलं. 1994 ते 1998 या पाच वर्षांत ऑफली, क्लेअर, वेक्सफर्ड असे तीन "बाहेरचे" संघ जिंकले, त्या काळाला लोक अजून क्रांतीची वर्षं म्हणतात. आणि 1999 पासून 2025 पर्यंत? फक्त सहा काऊंट्या: किल्केनी, कॉर्क, टिपरेरी, क्लेअर, गॉलवे, लिमरिक. आजवरचा हिशोब तर अजूनच एकतर्फी, किल्केनी 36, कॉर्क 30, टिपरेरी 29. बत्तीस काऊंट्यांचा "राष्ट्रीय" खेळ आणि 95 टायटल तीन घरांत. मला हे बघून वाईट वाटतं, हा खेळ इतका सुंदर आहे की तो देशाच्या खालच्या तिसऱ्या भागात अडकून राहावा हे पटत नाही.

पायऱ्या

2005 ला जीएएने क्रिस्टी रिंग आणि निकी रॅकार्ड कप सुरू केले, 2009 ला लोरी माहर, 2018 ला जो मॅकडोना. सर्वात वर लिआम मॅकार्थी, म्हणजे ऑल आयर्लंडचा कप. अशा पाच पायऱ्या, प्रत्येकीवर साधारण सारख्या ताकदीचे संघ, जिंकलात तर वर, तळाला राहिलात तर खाली. इंग्लंडमधल्या आयरिश लोकांचे संघ पण यात खेळलेत, लंडन, वॉरिकशायर. 2018 ला वरच्या पायरीवर पण राउंड रॉबिन आलं, मन्स्टरमध्ये पाच संघ एकमेकांशी, लेन्स्टरमध्ये पाच (नंतर सहा), पहिले तीन पुढे. मन्स्टरच्या मॅचेसना तेव्हापासून जी गर्दी होते ती बघून कोणी म्हणणार नाही की नॉकआऊट परत आणा.

ऑफलीला याच 2018 च्या रचनेने पहिल्याच वर्षी खाली ढकललं. खूप लोकांना वाटलं अन्याय झाला, इतिहास असलेली काऊंटी अशी कशी काढता. मला स्वतःला वाटतं की ते खाली जाणं वेदनादायक असलं तरी खोटं नव्हतं. त्या वर्षी ते त्या लेव्हलचे राहिलेच नव्हते आणि जुन्या पद्धतीत दरवर्षी लेन्स्टरमध्ये वीस पॉइंटने हरत राहिले असते आणि कोणी काही केलं नसतं. आपल्याकडे विदर्भाचं क्रिकेट आठवा, रणजीच्या प्लेट गटात वर्षं काढली, नागपूरला अकादमी उभी राहिली आणि मग 2017-18 ला रणजी जिंकली, लगेच पुढच्या वर्षी परत, आणि 2024-25 ला पुन्हा. खालच्या गटात असणं ही शिक्षा ठरेल की संधी, हे त्या काळात घरी काय काम होतं त्यावर असतं.

ऑफलीत काम कधी सुरू झालं? 2019 च्या शेवटी मायकल डिग्नन काऊंटी बोर्डाचा चेअरमन झाला, 1994 आणि 1998 च्या संघातला खेळाडू, टीव्हीवरचा समालोचक, लोकांचा भरवसा असलेला माणूस. बोर्डाला प्रायोजक मिळाले, गोल्फर शेन लाउरी, जो ऑफलीचाच आहे आणि ज्याचे वडील 1982 च्या ऑल आयर्लंड जिंकणाऱ्या फुटबॉल संघात होते, त्याने पाठबळ दिलं. किलकॉरमॅकजवळ फेथफुल फील्ड्स हे सरावकेंद्र आधीच उभं होतं, तिथे आता सगळ्या वयोगटांचे संघ नियमित दिसायला लागले. पण माझ्या मते खरं श्रेय त्या लोकांना आहे ज्यांची नावं कुठेच येत नाहीत, म्हणजे गावोगावी आठ-नऊ वर्षांच्या पोरांना संध्याकाळी पावसात भिंतीवर चेंडू मारायला शिकवणारे आई-बाप आणि शिक्षक. कारण 2022 च्या मायनर संघातली सतरा वर्षांची पोरं ही डिग्नन यायच्या आधीपासूनच क्लबात घडत होती, एवढं साधं गणित आहे. बोर्डाने केलं ते हे की ही पोरं सतराव्या वर्षी आली तेव्हा त्यांना वाया जाऊ दिलं नाही.

रचनेचा फायदा कुठे झाला तेही सांगतो. 2020 ला क्रिस्टी रिंगमध्ये सेमीफायनलला डाऊनकडून पेनल्टीवर हरले, म्हणजे ज्या लेव्हलला आपण सहज जिंकू असं वाटत होतं तिथेही सहज काहीच नव्हतं. 2021 ला मायकल फेनेली (किल्केनीचा मोठा खेळाडू, इथे मॅनेजर) याच्या हाताखाली फायनलमध्ये डेरीला 0-41 विरुद्ध 2-14 ने हरवलं. एकही गोल न मारता एक्केचाळीस पॉइंट! ती मॅच क्रोक पार्कवर झाली आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण खालच्या पायरीच्या खेळाडूला पण देशाच्या मुख्य मैदानावर कप उचलता आला. ऑफलीच्या पोरांनी जिंकणं म्हणजे काय हे कितीतरी वर्षांनी अनुभवलं. दरवर्षी वरच्या गटात मार खाऊन ते कधीच मिळालं नसतं.

मग 2022 ला मायनर फायनल, टिपरेरीशी, अगदी शेवटच्या फटक्यावर गोल खाऊन एका पॉइंटने हरले. ज्याने बघितली त्याला ती मॅच विसरता येणार नाही, ऑफलीची अर्धी काऊंटी किल्केनीच्या नोलन पार्कमध्ये होती. 2023 ला अंडर-20 फायनलमध्ये, कॉर्ककडून हरले. आणि 2024 ला अंडर-20 ची ऑल आयर्लंड, टिपरेरीला 2-20 विरुद्ध 2-14 ने हरवून, ऑफलीच्या इतिहासात पहिल्यांदाच त्या वयोगटात. परत तेच नोलन पार्क, आणि यावेळी मैदानात शिरलेले लोक आनंदाने रडत होते. त्या संघातल्या अॅडम स्क्रीनीचा खेळ बघायला तटस्थ लोकसुद्धा येत होते. त्याच उन्हाळ्यात सीनियर संघ जॉनी केलीच्या हाताखाली लीशला हरवून जो मॅकडोना कप जिंकला आणि 2025 साठी लेन्स्टरमध्ये परत आला.

जिथे रचना चुकते

इथपर्यंत वाचून वाटेल की पायऱ्यांची पद्धत उत्तम आहे, चला झालं. तसं नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे प्रिलिमिनरी क्वार्टरफायनल. जो मॅकडोनाच्या दोन्ही फायनलिस्टना लिआम मॅकार्थीमध्ये मन्स्टर आणि लेन्स्टरच्या तिसऱ्या नंबरच्या संघांशी एक मॅच मिळते. कल्पना चांगली होती, छोट्या संघाला मोठ्या संघाशी खेळायची संधी. प्रत्यक्षात 2018 ते 2025 मध्ये फक्त एकदाच छोटा संघ जिंकला, 2019 ला लीशने डब्लिनला पोर्टलीशमध्ये हरवलं. बाकी काय होतं ते ऑफलीला विचारा. 2023 ला मॅकडोना फायनल कार्लोकडून हरल्याचं दुःख उरात असताना टलामोरला टिपरेरी आली आणि 7-38 मारून गेली. 59 पॉइंट, ऑफलीचे 27. फायनल हरलेल्या पोरांना मनातून सावरायच्या आत अशा मॅचला उभं करणं यात कोणाचंच भलं नाही, टिपरेरीचं पण नाही. मी म्हणेन की फक्त विजेत्याला ही मॅच द्यावी, तीसुद्धा त्याच्या घरच्या मैदानावर आणि मध्ये पुरेसा वेळ ठेवून. हरलेल्याला घरी जाऊ द्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. 2019 ते 2025 मध्ये लेन्स्टरमधून खाली गेलेल्या संघांची यादी बघा: कार्लो, अँट्रिम, लीश, वेस्टमीथ, परत कार्लो, परत अँट्रिम. यातला प्रत्येक संघ आधी मॅकडोनातूनच वर आलेला होता. कार्लो तर दोन्ही वेळा एका वर्षात परत. 2024 ला त्याच कार्लोने किल्केनीशी बरोबरी केली होती, आणि 2023 ला वेस्टमीथने वेक्सफर्डला त्यांच्याच मैदानावर सतरा पॉइंटने मागे असताना हरवलं होतं, हर्लिंगच्या इतिहासात असे पलटाव फार थोडे, आणि तरीसुद्धा वेस्टमीथ खाली गेले. म्हणजे वर आलेला संघ कधीतरी एक भन्नाट दिवस दाखवतो पण पूर्ण सीझन टिकायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात, आणि ती आपण देत नाही. वर आलेल्या संघाला पहिल्या वर्षी खाली पाठवायचं नाही, दोन वर्षांच्या निकालांवर ठरवायचं, एवढा एक बदल केला तर खर्च काहीच नाही आणि कार्लोच्या बारा वर्षांच्या पोराला सलग दोन वर्षं किल्केनी आपल्या गावात खेळताना दिसेल. ऑफली 2025 ला टिकली, अँट्रिम गेली, पण ऑफलीकडे मागे अंडर-20 ची जिंकलेली फळी होती. सगळ्यांकडे ती नसते.

आणि मन्स्टर? तिथून आजपर्यंत या पद्धतीत कोणीच खाली गेलेलं नाही. तिथल्या पाचही काऊंट्या तगड्या आहेत हे खरंच, पण शेजारी केरी आहे ज्यांनी मॅकडोनाच्या 2020, 2021, 2022 अशा सलग तीन फायनल हरल्या, आणि फुटबॉलच्या त्या राज्यात उत्तरेकडच्या मूठभर हर्लिंग क्लबांवर हा सगळा डोलारा उभा आहे. त्यांना मन्स्टर चॅम्पियनशिपचं दार कधी उघडणार हा प्रश्न मला ऑफलीपेक्षा मोठा वाटतो.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. 2022 पासून काऊंटी सीझन जुलैमध्येच संपतो आणि मग क्लबांचा सुरू होतो. क्लब खेळाडूसाठी हे फार चांगलं झालं, त्याला आता माहीत असतं कधी खेळायचंय, पूर्वी अख्खा उन्हाळा वाट बघत जायचा. पण सगळं एप्रिल ते जुलैमध्ये कोंबल्यामुळे खालच्या पायऱ्यांच्या मॅचेस कोणाला दिसतच नाहीत, पेपरात एक ओळ, टीव्हीवर काही सेकंद. आणि ऑफलीसारख्या छोट्या काऊंटीत अंडर-20 आणि सीनियर संघात तीच पोरं असतात, दोन मॅचमध्ये अंतर ठेवायचा नियम त्यांच्या भल्यासाठीच आहे पण गच्च कॅलेंडरमध्ये त्याचा फटका बसतो तो कायम छोट्यालाच, कारण कॉर्ककडे दुसरी फळी असते.

पाच काऊंट्यांचा प्रस्ताव

आता ऑफलीच्या गोष्टीचा चुकीचा वापर कसा होऊ शकतो ते. 2023 च्या अखेरीस एक प्रस्ताव पुढे आला की फर्मॅना, लाँगफर्ड, लाऊथ, कॅव्हन आणि लीट्रिम या पाच काऊंट्यांना नॅशनल हर्लिंग लीगमधून काढायचं. युक्तिवाद असा की तिथे हर्लिंग क्लबच मूठभर आहेत, काऊंटी संघावर जो खर्च होतो तोच क्लब आणि शाळांत वळवला तर खेळ वाढेल. कागदावर हे मी वर जे म्हणतोय तसंच वाटतं ना, की आधी मुळं मजबूत करा? पण खेळाडू संतापले, खेळाडूंच्या संघटनेने जोरदार विरोध केला, इतर काऊंट्यांचे खेळाडूसुद्धा त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. बरं झालं.

कारण लीट्रिममध्ये जो पोरगा हर्ली उचलतो तो फुटबॉलच्या समुद्रात उलटा पोहत असतो. त्याच्या शाळेत, घरात, क्लबात सगळे फुटबॉलवाले, मैदानाची वेळ पण आधी फुटबॉलला. त्याच्यापुढे एकच गोष्ट असते, की एक दिवस मी लीट्रिमचा शर्ट घालेन. तो शर्टच काढून घेतला तर क्लबात पैसे टाकून काय मिळणार? ऑफलीची मुळं होती, ती सुकली होती, पाणी घातलं की फुटली. जिथे मुळं रुजायचीच आहेत तिथे काऊंटीचा संघ आणि क्लबाचं काम दोन्ही एकत्रच लागतं, एकाच्या बदल्यात दुसरं नाही. हे वेगळं प्रकरण आहे आणि त्याला ऑफलीचं औषध चालणार नाही.

मग तिथे काय चालेल? जीएएने 2034 पर्यंत, म्हणजे संघटनेच्या दीडशेव्या वर्षापर्यंत, फुटबॉलच्या क्लबांत पण हर्लिंग न्यायचं ठरवलंय, अध्यक्ष जारलाथ बर्न्सने हा विषय मनावर घेतलाय आणि तो स्वतः आर्माचा, म्हणजे फुटबॉलच्या प्रदेशातला, हे मला आवडतं. पण नुसत्या हर्ली वाटून होत नाही. हर्लिंग उशिरा शिकता येत नाही, हात आणि डोळ्याचा मेळ लहानपणीच बसतो, दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत पोराने हजारो वेळा भिंतीवर चेंडू मारलेला असावा लागतो. फुटबॉलला एक चेंडू आणि वीस पोरं पुरतात, इथे प्रत्येकाला हर्ली, हेल्मेट, आणि हर्ली मोडते, पोरं वाढतात तशी मोठी घ्यावी लागते. त्यात अॅशच्या झाडांना रोग लागल्यापासून लाकडाचाच प्रश्न, बांबूच्या हर्ली आल्यात आणि चांगल्या चालतायत. म्हणून पहिला खर्च प्राथमिक शाळेतल्या कोचवर व्हायला हवा, शाळेत आठवड्यातून दोनदा येणारा, पगारी, आणि निदान पाच वर्षं तिथेच राहणारा माणूस. एक वर्षाचा प्रोजेक्ट करून फोटो काढून निघून जाणारा नको. बारा वर्षांखालच्या गो गेम्समध्ये सगळ्या पोरांना खेळायला मिळतंच, ती पद्धत उत्तम आहे. गळती होते ती त्यानंतर, तेरा ते सतरा, जेव्हा फुटबॉलचा काऊंटी संघ बोलावतो आणि हर्लिंगला मॅचच नसते. एका क्लबाचा संघ होत नसेल तर तीन क्लब एकत्र करा, सीमेपलीकडच्या काऊंटीशी खेळा, पण तेराव्या वर्षी त्या पोराला पंधरा दिवसांनी एक तरी खरी मॅच मिळाली पाहिजे.

इथे आपल्या लोकांचा पण संबंध येतो. आयर्लंडमध्ये आता बरीच मराठी कुटुंबं राहतात, त्यातली खूपशी डब्लिन आणि आजूबाजूच्या नव्या वस्त्यांमध्ये. तिथल्या क्लबांना पोरं भरपूर, पण आई-बापांना खेळ माहीत नसतो, मोठं हेल्मेट आणि काठ्या बघून भीती वाटते, मग पोरगा सॉकरला किंवा क्रिकेटला जातो. माझं म्हणणं आहे की एकदा तरी शनिवारी सकाळच्या लहान पोरांच्या सरावाला नेऊन बघा. त्या वयात मऊ चेंडू असतो, फी फार नसते, आणि पोराला गावात जी ओळख मिळते ती दुसऱ्या कशाने मिळत नाही.

ऑफलीकडे परत येतो. 2025 ला टिकले म्हणून सगळं सुटलं असं अजिबात नाही, किल्केनी आणि गॉलवेशी अंतर अजून मोठं आहे, आणि अंडर-20 जिंकलेली पोरं पंचविशीत येईपर्यंत एकत्र राहतील का, की अर्धी नोकरीसाठी सिडनीला जातील, हा तिथल्या प्रत्येक घरातला प्रश्न आहे. पगार नसलेल्या खेळात त्यांना थांबवणार तरी कसं. मी लक्ष ठेवणार आहे ते पुढच्या तीन-चार वर्षांच्या मायनर निकालांवर. 2022 च्या फळीच्या मागून दुसरी रांग येतेय का ते तिथे कळेल, आणि 2003 नंतर जे झालं ते परत होतंय का तेही तिथेच आधी दिसेल, सीनियरच्या टेबलवर ते दिसायला दहा वर्षं लागतात.